कालचा भात

आईच्या पाककृतींच्या वहीत ‘चायनीज फ्राईड राईस (व्हेज)’ या मथळ्याखाली सोळा ओळी आहेत. त्यातली अकरावी चुकीची आहे : ‘भात गरम असतानाच कढईत टाकावा.’ या एका ओळीपायी आमच्या घरी चार वर्षं चायनीजच्या नावाखाली सोया सॉस घातलेली खिचडी होत होती, आणि आम्ही ती कौतुकाने खात होतो. खरा कसा लागतो हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक होतं?

साल १९८४, मे महिना. दादरला एका बाईंच्या घरी तीन दुपारांचा क्लास होता, फी २५ रुपये. आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. दुपारची झाकपाक करून आई चर्नी रोडहून गाडी पकडायची. पहिल्या दिवशी केक, दुसऱ्या दिवशी पंजाबी, तिसऱ्या दिवशी चायनीज. तीन दुपारांत बायका अख्खं जग उरकून घरी परतत आणि संध्याकाळी वरणभाताचा कुकर लावत.

तिसऱ्या दिवसानंतरच्या रविवारी प्रयोग झाला. क्रॉफर्ड मार्केटमधून काळ्या सॉसची बाटली आली, कागदाच्या पुडीत आजिनोमोटो आला. फरसबी, गाजर, कोबी आणि भोपळी मिरची इतकी बारीक चिरली की कोशिंबीर आहे असं वाटावं. भात होता आंबेमोहोराचा, कारण घरात तोच होता. कुकरची वाफ जिरायच्या आत तो कढईत गेला आणि उलथन्याच्या तिसऱ्या फेरीला त्याचा लगदा झाला. तपकिरी, चकचकीत, मधूनच भाजीचे हिरवे-केशरी ठिपके. बाबांनी पहिला घास घेतला आणि मनापासून म्हणाले, “मस्त आसट झालाय.”

आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून हे सगळं बघत होती. “अगो, ऊन ऊन भात कोण परततं? कालचा घ्यायचा की.”

“अहो आई, हा चायनीज आहे, फोडणीचा भात नाही,” आई म्हणाली.

आई इतक्या ठामपणे क्वचितच बोलायची, आणि इतकी चुकायची त्याहून क्वचित.

चिनी भाषेत या पदार्थाला चाओफान म्हणतात. चाओ म्हणजे परतणं. फान म्हणजे शिजलेला भात, आणि फान म्हणजे जेवणसुद्धा. “जेवलास का?” असं विचारताना चिनी माणूस शब्दशः “भात खाल्लास का?” असंच विचारतो. आमच्या कोकणातल्या नातेवाइकांना हे समजावून सांगावं लागणार नाही. रात्री भात उरला, तो सकाळी कढईत परतला, हाताशी असलेलं अंडं फोडून घातलं, कांद्याची पात चिरून टाकली, झालं. या पदार्थाचं माहेर म्हणून यांगचौ शहराचं नाव घेतात. दक्षिणेकडून उत्तरेकडे धान्य नेणाऱ्या मोठ्या कालव्याच्या काठचं हे श्रीमंत व्यापारी गाव. तिथे कारभारी म्हणून राहिलेला यी बिंगशौ (१७५४–१८१५) नावाचा अधिकारी उत्तम सुलेखनकार होता, आणि तिथल्या कोळंबी-हॅम घातलेल्या नामांकित भाताशी त्याचं नाव जोडलं जातं. त्याच्याही आधीच्या राजेरजवाड्यांच्या कथा आहेतच. मला त्यात फारसा राम वाटत नाही. उरलेला भात कुठल्या राजाने परतला असेल? फोडणीचा भात कोणी शोधला, असं आपण कधी विचारलंय?

फोडणीच्या भाताचं शास्त्र आजीच्या बोटांत होतं. रात्रीचा उरलेला भात ती ताटात पसरायची, वर चाळण झाकायची आणि ते ताट खिडकीत वाऱ्यावर ठेवायची. सकाळी आधी वास घेऊन बघायचा. मग ओल्या बोटांनी गोळे मोडून शीत न् शीत सुटं करायचं. मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची, कढीलिंब, मूठभर दाणे. भात पडला की पाण्याचा नुसता हबका, झाकण, आणि दोन मिनिटांत ताटल्या मांडायच्या. सोबत दही.

हे असं का लागतं, ते मला पुष्कळ वर्षांनी एका स्टार्चच्या कारखान्यात काम करणाऱ्या मावसभावाने समजावलं. भात शिजतो तेव्हा दाण्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि थोडा बाहेर येऊन दाण्यावर चिकट लेप धरतो. अशा ताज्या भाताला उलथनं लागलं की त्याची खळ होणारच. भात निवला की स्टार्चचे सुटलेले धागे पुन्हा एकमेकांना बिलगतात, दाणा आतून कडक होतो आणि वरचा ओलावा उडून जातो. थंडीत हे अधिक चांगलं होतं. मग तोच दाणा तापल्या कढईत उडतो, आपटतो, पण मोडत नाही. आंबेमोहोर मुळातच चिकट, वरणाशी लगट करणारा. त्याला या कामाला लावणं म्हणजे भजनी बुवांना लेझीमपथकात उभं करणं.

तर प्रश्न असा, की ज्या घरात कालचा भात परतायची रीत पिढ्यान् पिढ्या होती, त्या घरात तीच रीत चीनहून येताना चुकीची का पोचली? याचं उत्तर शोधायचं तर ती कुठल्या वाटेने आली ते बघावं लागतं, आणि ती वाट भलतीच लांबची निघाली.

खरं म्हणजे मुंबई आणि चीन यांची ओळख जुनी. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पेढ्या गब्बर झाल्या त्या कापूस आणि माळव्याची अफू कँटनला पाठवून. सर जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी स्वतः जहाजातून अनेकदा चीनला जाऊन आले. परतीच्या जहाजांतून चहा आला, रेशीम आलं, पारशी बायकांच्या गाऱ्याच्या साड्यांवरचे पक्षी आणि फुलं आली, चिनी मातीची भांडी आली. आपण लोणचं ज्यात घालतो ती बरणी अजून ‘चिनी मातीची’च असते. पण या व्यापाऱ्यांच्या सामानात परतलेला भात नव्हता. व्यापारी माणूस दुसऱ्याच्या घरातलं शिळं कशाला आणेल? ते आणतात पोटासाठी घर सोडलेले लोक.

असे लोक आधी कलकत्त्याला उतरले. अठराव्या शतकाच्या शेवटाकडे, वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, टाँग अच्यू नावाच्या चिनी माणसाला हुगळीच्या काठी जमीन मिळाली. त्याने तिथे साखरेचा कारखाना घातला. त्याच्या नावावरून त्या गावाला अचिपूर म्हणतात आणि घोड्याच्या नालेच्या आकाराची त्याची लाल समाधी अजून तिथे आहे. पुढे वेगवेगळ्या प्रांतांतले लोक आले आणि ज्याने त्याने आपापला धंदा धरला. कँटनकडचे सुतारकामात, हूपे प्रांतातले दात बसवण्यात, आणि हाक्का लोक चामड्यात. टांगरा भागातल्या चामड्याच्या कारखान्यांमागे घरच्यांसाठी जे शिजत होतं, तेच पुढे गिऱ्हाइकांसाठी शिजू लागलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कारखाने शहराबाहेर हलवायचा आदेश दिला आणि टांगऱ्यात उपाहारगृहंच जास्त उरली. आपल्याकडच्या मेन्यूवर ‘हक्का नूडल्स’ असतं ते या लोकांचं नाव.

मुंबईतही चिनी वस्ती होती. मोठी नव्हे, पण होती. कामाठीपुऱ्यात सुखलाजी स्ट्रीटच्या आसपास आणि माझगावला गोदीच्या शेजारी. माझगावात नवाब टँक रोडवर १९१९ सालचं ‘सी युप कून’ हे चिनी देऊळ आहे. बाहेरून साधी दुमजली इमारत. पत्ता विचारत विचारतच तिथे पोचावं लागतं. आत लाल रंग, उदबत्त्यांचा धूर आणि क्वान कुंग हा योद्धा देव. मी पहिल्यांदा गेले ती निवृत्त झाल्यावर. सगळा जन्म मुंबईत काढून! आमच्या बाबांचा पुढचा एक दात मात्र चिनी डेंटिस्टने बसवलेला होता आणि तो त्यांच्याबरोबरच गेला. मुंबईत त्या पिढीत चिनी दंतवैद्य, चिनी चांभार आणि पुढे चिनी ब्यूटी पार्लर यांच्याशी लोकांचा रोजचा संबंध असायचा. त्यांच्या घरी काय शिजतं हे विचारायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

१९६२ च्या युद्धाने उरलासुरला संबंधही आटला. देशभरातून, मुख्यतः आसाम-बंगालकडून, सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत ठेवलं गेलं. त्यांत इथेच जन्मलेले, हिंदी-बंगाली बोलणारे होते. काहींची बरीच वर्षं तिथे गेली. सुटल्यावर घरं-दुकानं गेलेली. पुष्कळजण कॅनडाला निघून गेले. आम्हा मुलांना चीन ठाऊक होता तो दोनच कारणांनी : एक हे युद्ध, आणि दुसरे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जे १९३८ साली वैद्यकीय पथकातून तिकडे गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. ते जिथे राहिले तो उत्तरेचा मुलूख गहू-बाजरीवर्गी धान्यांचा. फ्राईड राईस त्यांच्याही वाट्याला फारसा आला नसणार.

जे लोक देशात राहिले त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी झारा हातात घेतला. कुलाब्याचं नानकिंग, चर्चगेटचं कामलिंग ही नावं आम्ही बसच्या खिडकीतून वाचायचो. आत जायची आमची ऐपत नव्हती, आणि असती तरी आजीने घरात घेतलं नसतं. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वाँग मुंबईत आले आणि १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात त्यांनी चिकन मांचुरियन केलं. लसूण, आलं, हिरवी मिरची घ्यायची आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस, ही हकिगत त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे. मांचुरिया प्रांताचा त्या पदार्थाशी नावापलीकडे काही संबंध नाही. मला त्यात काही गैर वाटत नाही. आपल्या गिऱ्हाइकाच्या जिभेला काय लागतं हे ज्याला कळलं, तो आचारी.

व्हेज चायनीज घराघरांत पोचवलं ते मात्र आचाऱ्यांनी नव्हे, बायकांनी. पुण्यात जन्मलेल्या तरला दलाल यांनी मुंबईत १९६६ साली घरी वर्ग सुरू केले. त्यांचं पहिलं पुस्तक १९७४ चं. देशोदेशीचे पदार्थ मांस-मच्छीविना कसे करायचे हे त्यांनी गुजराती-मारवाडी बायकांना दाखवलं, आणि त्यांचं बघून गल्लोगल्ली वर्ग निघाले. आईच्या दादरच्या बाईंचा त्यातलाच. या वर्गांत हॉटेलातला पदार्थ शिकवायचे, घरातली रीत नव्हे. हॉटेलात मोठ्या पातेल्यात दुपारीच शिजून निवलेला भात असतो, हे क्लासला सांगायची गरज कोणाला वाटली नसावी. दोन तासांत सगळं उरकायचं, तर भात तिथल्या तिथे शिजवायचा आणि गरम गरम परतायचा. अकरावी ओळ अशी आली असणार. वाटेत पदार्थ पोचला आणि कालचा दिवस तेवढा गळाला.

तो मला सापडला १९८८ साली, फूटपाथवर. तोवर मुंबईत चायनीजच्या गाड्या दिसू लागल्या होत्या. लाल रंग, त्यावर पिवळा ड्रॅगन आणि ब्रशने ओढल्यासारखी वळणदार इंग्रजी अक्षरं. कॉलेजातून येताना मैत्रिणीबरोबर मी एका गाडीशी उभी राहिले. आत नेपाळी पोरगा होता, सतरा-अठरा वर्षांचा. पंपाचा मोठा स्टोव्ह असा घरघरत होता की मोठ्याने ओरडून सांगावं लागायचं. कढई काळी, पातळ, एका हातात तिचा कान, दुसऱ्यात पळी. तेल धुरावलं, लसूण पडली, मूठभर कोबी-गाजर पडलं, आणि मग त्याने मागे वळून एका पसरट परातीतला भात उचलला. थंड. मोकळा. पांढऱ्या कापडाखाली झाकलेला.

“गरम नहीं डालते?” मी विचारलं.

“गरम चावल चिपकता है, दीदी. सुबह का चाहिए.”

पुढचं सगळं मिनिटभरात झालं. भात हवेत उडाला, सॉस कढईच्या कडेवरून सोडला तसा चर्र आवाज होऊन त्याची वाफच वर आली, पात पडली आणि प्लेट पुढे आली. त्या भाताला एक खमंग, किंचित करपल्यासारखा वास होता. कँटनकडचे लोक त्याला ‘वोक हेइ’ म्हणतात, कढईचा श्वास म्हणा हवं तर. आमच्या गॅसवर तो येणं शक्य नव्हतं. पण दाणा सुटा होता, आणि ते शक्य होतं.

घरी येऊन मी आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आईने रात्रीचा भात मुद्दाम जास्त लावला, आंबेमोहोर नव्हे, शेजारणीकडचा कोलम आणून. सकाळी फ्राईड राईस झाला. आजी काही बोलली नाही. तिने ताटातला भात बोटाने मोकळा करून पाहिला आणि दही मागितलं.

व्हेज म्हटलं की आपल्याला वाटतं, ही आपण चिनी पदार्थाला घातलेली मुरड. पण चीनमध्ये शाकाहाराची स्वतःची मोठी परंपरा आहे. सहाव्या शतकात लिआंग घराण्याच्या वू सम्राटाने बौद्ध भिक्षूंना मांस वर्ज्य करायला लावलं, आणि तिथल्या विहारांत तेव्हापासूनचं शाकाहारी जेवण आजही शिजतं. त्या स्वयंपाकघरांत नुसतं मांस वर्ज्य नाही, पाच उग्र वासाच्या गोष्टीही वर्ज्य आहेत. लसूण आणि कांद्याच्या कुळातल्या चार. पाचवी कोणती असेल? ‘शिंगच्यु’. म्हणजे संस्कृतातला हिंगू, आपला हिंग! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले. मुंबईच्या गाडीवर ‘जैन फ्राईड राईस’ मागितला की पोरगा लसूण-कांदा-पात वगळून देतो. चिनी भिक्षू तो भात आनंदाने खाईल. आजीचा फोडणीचा भात मात्र नाकाला पदर लावून बाजूला सारेल. पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेल्या ह्युएनत्संगाने भारताबद्दल लिहिताना नोंदवलंय, की इथे कांदा-लसूण खाणारे फार थोडे आणि खाणाऱ्याला गावाबाहेर राहावं लागतं. तो आज लासलगावच्या बाजारात उभा राहिला तर काय लिहील कोण जाणे.

आजिनोमोटोची पुडी आमच्याकडे दोन वर्षं होती, मग कोणीतरी “त्याने डोकं दुखतं” म्हणालं आणि ती कचऱ्यात गेली. हा मुळात चिनी पदार्थच नव्हे. टोकियोचे प्राध्यापक इकेदा यांनी १९०८ साली समुद्रशेवाळाच्या कढणातून ती चव वेगळी काढली आणि पुढच्या वर्षी ती बाजारात आली. डोकेदुखीची बदनामी १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रापासूनची, आणि नंतरच्या नीट केलेल्या चाचण्यांत ती टिकली नाही. तरी पुडी आमच्याकडे परत आली नाही. टोमॅटो, वाळलेले मश्रूम, जुना सोया सॉस यांत तीच चव निसर्गतः असते, तेवढ्याने भागतं. सॉसच्या बाबतीत मात्र मी चोखंदळ आहे. खरा सोया सॉस म्हणजे सोयाबीन आणि गहू बुरशीवर आंबवून, खाऱ्या पाण्यात महिनोन् महिने मुरवलेला. स्वस्त बाटलीत पुष्कळदा रंगासाठी जळकी साखर असते आणि मिठाचा भडिमार. लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात, सगळं तेलाला आणि पेंडीला जातं. एखादी बरणी आंबवायला का कोणी बाजूला काढत नाही, हे कोडं मला सुटलेलं नाही.

कालचा भात म्हणजे कसाही ठेवलेला भात नव्हे. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. एका जुलैत पाहुणे गेल्यावर उरलेला भात झाकून ओट्यावरच राहिला, रात्रभर. हवा दमट, कोंदट. सकाळी वास आला नाही म्हणून मी तो परतला, आणि दुपारपर्यंत मी आणि मुलगा आळीपाळीने मोरीत. दोष सर्वस्वी माझा. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात, आणि ते विष परतल्याने जात नाही. १९७० च्या दशकात इंग्लंडमधल्या चिनी उपाहारगृहांत अशी आजारपणं झाली तेव्हा कारण सापडलं : फ्रीजमध्ये भाताचे गोळे होतात म्हणून तो रात्रभर बाहेर ठेवायचे. आजीने ताट वाऱ्यावर का ठेवलं, हे मला तेव्हा कळलं. भात पटकन निवावा म्हणून. तरी तिच्याकडे फ्रीज नव्हता, आणि तिच्या नाकाला जे कळायचं ते माझ्या नाकाला कळत नाही. आता मी भात परातीत पातळ पसरते, पंखा लावते, आणि तासाभरात फ्रीजमध्ये टाकते. सकाळी ओल्या बोटांनी मोकळा.

पुढचं सोपं आहे. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवायची. एका वेळी दोन माणसांपुरताच भात. घरच्या शेगडीवर चौघांचा घातला की कढई थंडावते आणि भात परतायच्या ऐवजी वाफेवर बसतो. गोडं तेल दोन चमचे, ठेचलेली लसूण, आलं, दहा सेकंद. मग फरसबी, कारण ती हट्टी. मग गाजर, मग कोबी, भोपळी मिरची शेवटी. दाताखाली कचकन लागली पाहिजे. आपल्या घरांत खरी नवी गोष्ट कुठली आली असेल तर ती हीच : भाजी शिजू न देणं. आजीला ते शेवटपर्यंत पटलं नाही. मीठ जपून, मिरपूड, चमचाभर सॉस कढईच्या कडेने, व्हिनेगरचे चार थेंब, आणि गॅस बंद केल्यावर पात.

शेजवान सॉस मी घालत नाही. लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगर एवढंच त्यात, आपल्या लसणीच्या चटणीची थोरली बहीण. चीनच्या सिचुआन प्रांताचं नाव इंग्रजी स्पेलिंगमधून वळसा घेत ‘शेजवान’ झालं, पण त्या प्रांताच्या स्वयंपाकाची जी खरी खूण, जिभेला मुंग्या आणणारी मिरी, ती या सॉसमध्ये नसते. ती मिरी म्हणजे आपल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण. वनस्पतिशास्त्रात दोन्ही एकाच कुळीच्या. दोन्हीचं टरफलच वापरायचं, आतलं काळं बी टाकून द्यायचं. तिकडे ती चीनभर गाजली. आपण तिरफळ बांगड्याच्या आमटीपलीकडे फारसं जाऊ दिलं नाही.

गेल्या पावसाळ्यात मनात आलं, करून तर बघू. मी गिरगावातल्या शाकाहारी घरातली, पण सासर मालवणचं, त्यामुळे डब्यात तिरफळं बाराही महिने असतात. सहा-सात घेतली, बिया काढल्या, कोरड्या कढईत किंचित भाजून खलात भरड कुटली. भात, पात, सगळं नेहमीसारखं, आणि उतरवताना वरून ही भरड. जिभेच्या टोकाला झिणझिण्या आल्या, मग लिंबाच्या सालीसारखा वास. मी खूश. म्हटलं, चार वर्षं खिचडी खाल्ल्याचं आज फेडलं.

यजमान बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. वास पोचला तसे उठून आत आले, कढईत डोकावले, झाऱ्याने भात वरखाली करून पाहिला.

“बांगडे खंय गेले?”